पार्ट म्हणजे भाग? कोणी सांगितलं?

पाचवीच्या वहीत आपण सगळ्यांनी लिहिलेलं असतं: पार्ट म्हणजे भाग. ते चूक नाही. पण त्या एका बरोबरच्या चिन्हाने मराठीत लिहिणाऱ्यांचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुठल्या अवघड शब्दाने केलं नसेल असं माझं मत आहे. अवघड शब्द आला की माणूस कोश उघडतो, कोणाला तरी फोन लावतो. 'पार्ट' आला की हात आपोआप 'भाग' लिहून मोकळा होतो.

पोटापाण्यासाठी मी अनुवाद करते. माहितीपत्रकं, करारनामे, यंत्रांच्या पुस्तिका, कधी सबटायटल्स. हल्ली कामासोबत एक तक्ता येतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचं 'मंजूर' मराठी. एकाला एकच. दुसरं काही लिहिलं की सॉफ्टवेअर लाल रेघ मारतं आणि वरून विचारणा होते, 'मॅम, तक्त्याप्रमाणे का नाही?' अशाच एका तक्त्यात पार्टसमोर 'भाग' होतं. त्याच्या जोरावर मिक्सरचे भाग, नाटकातला भाग, करारातल्या पहिल्या भागाचा पक्ष आणि 'कंपनीच्या भागावर झालेला निष्काळजीपणा', सगळं खपवलेलं. त्या शेवटच्याला मराठीत 'कंपनीकडून झालेला' म्हणतात. तीन अक्षरांचा 'कडून' पुरतो, भाग लागतच नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न मराठीने कधीच सोडवून ठेवलाय. कोशात नाही, धंद्याधंद्यात.

पुण्यात नाना पेठेत जा. गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. 'सुटे भाग' हा शब्द तिथे पाटीवर सापडेल, टेंडरात सापडेल, पण काउंटरवर कोणी उच्चारणार नाही. तिथे 'ओरिजिनल देऊ का लोकल?', 'पार्टचे वेगळे, मजुरीचे वेगळे', 'त्या मॉडेलचा पार्ट येत नाही आता'. नीट ऐकलं तर लक्षात येतं की गाडीचा प्रत्येक भाग हा पार्ट नव्हे. जो सुटा मिळतो, ज्याला नंबर आहे, किंमत आहे आणि जो बदलता येतो, तोच पार्ट. मराठीने इंग्रजी शब्द घेतला आणि त्याचा अर्थ आवळून नेमका केला. गॅरेजच्या मजकुरात मी डोळे मिटून 'पार्ट' लिहिते. भाषा बाटते म्हणणाऱ्यांनी दुकानात जाऊन 'क्लचचा सुटा भाग द्या' म्हणून बघावं. देतील, पण आधी एकदा तुमच्याकडे बघतील.

तिथून बांधकामावर या. इंग्रजी पुस्तकात 'एक पार्ट सिमेंट, सहा पार्ट वाळू' असतं. पुस्तिकेत त्याचं 'एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू' होतं. गवंडी म्हणतो 'एकास सहा'. झालं. विटांच्या बांधकामाला एकास सहा, छताच्या गिलाव्याला एकास चार. भाग हा शब्दच गायब, कारण त्याच्या हातात घमेलं आहे आणि मोजायचं ते घमेल्याने. त्या 'स' प्रत्ययाने जे काम केलंय ते कुठल्या परिभाषा समितीला सुचलं असतं का, मला शंका आहे. पाण्याच्या मशीनवरचं पीपीएम म्हणजे 'पार्ट्स पर मिलियन', त्याला मात्र असा गवंडी भेटला नाही, म्हणून ते पीपीएमच राहिलं.

आता नाटक. इथे मला जरा रेंगाळायचंय.

आपण म्हणतो, 'त्याने नाटकात चांगला पार्ट केला.' गावच्या जत्रेतल्या नाटकात तर हाच शब्द. आपल्याला वाटतं पार्ट म्हणजे नाटकातला त्याच्या वाट्याचा भाग. पण या अर्थामागे एक खराखुरा कागद आहे. शेक्सपिअरच्या काळात नटाला पूर्ण नाटक हातात मिळतच नसे. हाताने नकलून काढायचं म्हणजे वेळ आणि पैसा, शिवाय पूर्ण संहिता बाहेर गेली तर दुसरी मंडळी नाटक पळवणार. म्हणून प्रत्येकाला फक्त त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढंच लिहून देत. ती पट्टी गुंडाळून ठेवायची. त्या पट्टीचं नाव पार्ट, आणि 'रोल' हा शब्दही त्या गुंडाळीतूनच आला. एडवर्ड अ‍ॅलिन नावाच्या नटाचा असा एक पार्ट लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपलेला आहे.

आणि आपल्याकडे? संगीत नाटक कंपन्यांत हीच पद्धत होती. ज्याची त्याची भाषणं वेगळी उतरवून देत, आणि त्या कागदांना म्हणत 'नकला'. नकला वाटल्या, नक्कल पाठ झाली का, नक्कल हरवली. म्हणजे इंग्रजीतल्या त्या पार्टला नेमका मराठी शब्द होता, त्याच वस्तूला, त्याच कारणासाठी. आज कुठल्याच इंग्रजी-मराठी तक्त्यात तो नाही. मला याचं वाईट वाटतं. नाटकवाल्यांच्या तोंडून एक शब्द गेला आणि आपण तिथे 'भूमिका' बसवली. भूमिका छान आहे, भारदस्त आहे, पण तिच्यात कागद नाही. समोरच्याचे शेवटचे तीन शब्द ऐकेपर्यंत जीव मुठीत धरून उभा असलेला नट नाही.

वाद्यवृंदातही असंच. व्हायोलिनवाल्यापुढे फक्त व्हायोलिनचा पार्ट, पूर्ण रचना एकट्या संचालकापुढे. आपल्या रागसंगीतात ही भानगड नाही, म्हणून शब्दही नाही. पण मुंबईच्या सिनेमांच्या स्टुडिओत तो आला, आणि आणला तो मुख्यतः गोव्याच्या माणसांनी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा असे अरेंजर चर्चच्या वळणात नोटेशन शिकलेले. ते एकेका वाद्याचा पार्ट लिहून काढायचे. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते या गोन्साल्विसांकडे. तिथे 'भाग' म्हटलं असतं तर वादकाने विचारलं असतं, कितवा?

या शब्दाची खरी खोडी अशी की तो दोन्ही बाजूंनी कापतो. 'टेक पार्ट' म्हणजे सामील होणं, 'पार्ट विथ' म्हणजे सोडून देणं. पार्टनर म्हणजे जोडलेला, पार्टिशन म्हणजे तोडलेलं. सगळे एकाच लॅटिन मुळाचे. इंग्रजी लग्नातली ती प्रसिद्ध शपथ, मृत्यू आपल्याला वेगळं करेपर्यंतची. 1549 च्या प्रार्थनापुस्तकात तिथे 'डिपार्ट' होतं, कारण तेव्हा डिपार्टचा अर्थ वेगळं करणं असाही होता. पुढे त्याचा अर्थ नुसता निघून जाणं एवढाच उरला, म्हणून 1662 साली ते शब्द 'डू पार्ट' असे केले. या शपथेला मराठी हवं असेल तर 'अंतर देणार नाही' यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही. सबटायटलमध्ये मी ते लिहिलं होतं, कोणीतरी 'विभक्त करेपर्यंत' करून टाकलं. विभक्त म्हणजे रेशनकार्ड.

पार्टिशनचंच घ्या. इंग्रजीत कुटुंबाच्या जमिनीचं पार्टिशन, देशाचं पार्टिशन आणि ऑफिसातलं प्लायवूडचं पार्टिशन, तिन्हीला एक शब्द. मराठीत जमिनीची वाटणी होते, देशाची फाळणी होते. प्लायवूडचं तेवढं पार्टिशन. 1905 ला बंगालची फाळणी, 1947 ला देशाची फाळणी, आणि भावाभावांत वाटणी किंवा जमीन महसूल कायद्यातल्या कलम 85 चं वाटप. कोणाला शिकवावं लागत नाही. भाऊ कितीही भांडले तरी घराची 'फाळणी' कोणी म्हणत नाही, म्हटलं तर तो टोमणा असतो. आणि वाटणीनंतर सातबाऱ्यावर जे येतं त्याला 'पोटहिस्सा' म्हणतात. इंग्रजीत सब-पार्ट असलं काहीतरी म्हणावं लागेल, त्यात पोट कुठून आणणार?

पार्टी हाही याच घरातला. मूळ अर्थ एक बाजू, एक गट. आपण त्याचे इतके संसार मांडलेत की इंग्रजाला पत्ता लागणार नाही. निवडणुकीतली पार्टी, थर्टी फर्स्टची ओली पार्टी, आणि एजंटाच्या तोंडची 'पार्टी तयार आहे, टोकन उद्या देते' ही तिसरी. करारात मात्र जुन्या दस्तलेखकांनी पार्टीला हात लावला नाही. त्यांनी लिहिलं 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. इतकं स्वच्छ मराठी कायद्यात क्वचित भेटतं. कोण काय करतोय ते नावातच. इंग्रजी करारातला 'पार्टी ऑफ द फर्स्ट पार्ट' वाचताना मला नेहमी वाटतं, यांना एक मराठी बाँडरायटर भेटायला हवा होता. तसंच 'पार्ट अँड पार्सल'. पार्सल म्हणजे मुळात छोटासा पार्टच, म्हणजे एकच गोष्ट दोनदा. आपल्या खरेदीखतात त्या जागी 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' येतं. तेही वाढवून सांगणंच, पण निदान विहीर आणि झाडं डोळ्यांपुढे येतात.

राज्यघटनेतला पार्ट तर थेट आपल्या घरादारातून गेला. 1950 मध्ये घटनेच्या पहिल्या अनुसूचीत राज्यांची यादी होती, तिचे पार्ट ए, बी, सी, डी. नुसते यादीचे तुकडे. पण त्यांवरून राज्यांनाच 'पार्ट ए राज्य', 'पार्ट बी राज्य' म्हणू लागले आणि यादीचा तुकडा हा दर्जा झाला. मुंबई राज्य पार्ट ए. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात, तोही पार्ट ए. मराठवाडा हैदराबादमध्ये, म्हणून पार्ट बी, आणि तिथे राज्यपालाऐवजी राजप्रमुख, तोही खुद्द निजाम. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने ही वर्गवारी गेली. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांशी बोलताना हे लक्षात ठेवावं. 'मागास भाग' या शब्दातला भाग त्यांना जरा वेगळा ऐकू येतो.

आता ज्यावरून वाद होईल ते. इंग्रजी व्याकरणात 'पार्ट्स ऑफ स्पीच' असतात. ती कल्पना ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आली आणि तिचा सरळ अर्थ बोलण्याचे घटक असा. आपण शाळेत शिकलो 'शब्दांच्या जाती'. आठ जाती, चार विकारी, चार अविकारी. प्राचीन निरुक्तकार यास्काने चार प्रकार सांगितले होते, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात, त्यांना त्याने पदजातानि म्हटलंय, तेव्हा 'जाती'ला परंपरेचा आधार नाही असं नाही. पण शाळेतल्या मुलाला जात म्हणजे जन्माने चिकटलेली गोष्ट वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. 'वर' ची जात कोणती? 'वर बघ' मध्ये क्रियाविशेषण, 'टेबलावर' मध्ये शब्दयोगी, 'वधू आणि वर' मध्ये नाम. शब्द तोच, वाक्यात तो कुठला पार्ट करतो ते बदलतं. जत्रेतल्या नाटकातला पार्ट. 'वाक्यात या शब्दाचं काम काय?' असं विचारलं की पोरं पटकन सांगतात. 'जात ओळखा' म्हटलं की पाठ केलेलं आठवत बसतात. शिकवणाऱ्या मैत्रिणींनो, करून बघा.

एवढं बोलले म्हणून 'भाग' वर माझा राग आहे असं समजू नका. तो पार्टइतकाच श्रीमंत शब्द आहे, किंबहुना जास्तच. भाग्य म्हणजे वाट्याला आलेलं. भक्ती त्याच धातूची. आपल्या ताटातला भातसुद्धा 'भक्त' वरून आला, म्हणजे वाटून दिलेलं अन्न. राजीनामा द्यायला भाग पाडतात, पगारात भागत नाही, वजाबाकी-भागाकार येत नाही. शब्द बिचारा दिवसभर राबतोय, त्याला इंग्रजीचीही सगळी कामं का सांगायची एवढंच माझं म्हणणं.

आणि हे नुसतं शब्दांवर जीव असणाऱ्यांचं खूळ नाही, हेही सांगते. मागे महिलांच्या आरोग्यावरचं एक पत्रक माझ्याकडे तपासायला आलं. त्यात 'प्रायव्हेट पार्ट्स'चं 'खाजगी भाग' केलेलं. मी 'लघवीची जागा' लिहिलं. वरून निरोप आला, असभ्य वाटतं, तक्त्यातलं ठेवा. म्हणून मी ते पत्रक गावात प्रत्यक्ष वाचून दाखवणाऱ्या एका आशाताईंना पाठवलं. त्यांचा फोन आला तो हसतच. म्हणाल्या, 'ताई, मी आमच्या एका काकूंना विचारलं, खाजगी भागात काही त्रास आहे का? त्या म्हणाल्या, नाही गं बाई, आम्ही गावठाणातच राहतो, प्लॉटिंगकडं पाण्याचा त्रास आहे म्हणतात.'

पत्रकात शेवटी 'लघवीची जागा' छापलं गेलं. तक्त्यात अजून 'भाग'च आहे.