‘त्या बायकां’वरचा तो मेसेज: एकेक मुद्दा घेऊन

गेले काही दिवस इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. आधी रामबागवाल्यांच्या ग्रुपवर आला, मग सुदामा नगरच्या, आणि मग आमच्या भिशीच्या ग्रुपवर सुद्धा, जिथे एरवी फक्त कैरीच्या लोणच्याचं प्रमाण विचारलं जातं. नाव ‘पडद्यामागचं भयाण सत्य, मुलांना आवर्जून वाचायला द्या’. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पॉर्नमध्ये काम करणाऱ्या बायका रातोरात कोट्यधीश होतात, त्या लहानपणीच बिघडलेल्या असतात, सगळ्यांना रोग असतात, त्यांचं सरासरी आयुष्य ३७ वर्षांचं असतं, कॅमेऱ्यासमोर एवढं केल्यावर त्यांच्यावर अत्याचार होऊच शकत नाही, अशी बाई पुढे आई होऊ शकत नाही, आणि सगळ्यात शेवटी, आपल्याकडे संस्कार आहेत म्हणून हे सगळं तिकडचं. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी पॉर्नची वकिली करायला बसलेली नाहीये, ज्यांना तो धंदा वाईट वाटतो त्यांनी खुशाल वाईट म्हणावं. पण मी दिवसभर लोकांचे हिशेब तपासते, चुकीची बेरीज दिसली की मला गप्प बसवत नाही, आणि इथे तर बेरजेपासून माणसांपर्यंत सगळंच चुकलंय.

कोट्यधीशवाल्या मुद्द्यापासून सुरुवात करते. अमेरिकेतला हा धंदा मुख्यतः लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत वाढला, आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने फ्रीमन खटल्यात सांगितलं की अशा फिल्मसाठी नट-नट्यांना पैसे देणं म्हणजे वेश्याव्यवसायासाठी माणसं पुरवणं नाही, तेव्हापासून तिथे हे उघडपणे चालतं. पण उघडपणे म्हणजे पगार, पीएफ, रजा असं काही डोळ्यापुढे आणू नका. हे लोक बहुतेक करून कंत्राटी, एका सीनचे ठरलेले पैसे, बाईला साधारण काही शे ते हजार-पंधराशे डॉलर, पुरुषाला बहुतेक वेळा त्याहून कमी, आणि नंतर तीच क्लिप जगभर दहा वर्षं चालली तरी वर एक पैसा नाही. त्यातून एजंटचं कमिशन, जाण्यायेण्याचा खर्च, कपडे-नखं-केस, आणि दर दोन आठवड्यांनी करायची रक्त-लघवीची तपासणी, ती पण बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून. आरोग्य विमा काढायचा तर तोही स्वतःच.

आणि ज्या दिवशी काम असतं तो दिवस कसा जातो तर बराचसा कागदपत्रांत आणि वाट बघण्यात. आधी टेस्टचा ताजा रिपोर्ट दाखवायचा, मग ओळखपत्रं तपासून त्यांच्या कॉपी ठेवतात (१८ पूर्ण असल्याची नोंद ठेवणं १९८८ च्याच एका केंद्रीय कायद्याने निर्मात्यावर बंधनकारक आहे), मग करारावर सह्या, मग काय करणार आणि काय करणार नाही ते बोलून घ्यायचं, मग मेकअपच्या खुर्चीत बसून राहायचं, मग आधी स्टिल फोटो, मग लाइट हलवले की पुन्हा थांबा, कुणाचं तरी पोट बिघडलंय म्हणून थांबा, आणि अर्ध्या तासाच्या क्लिपसाठी अख्खा दिवस गेला की घरी येऊन भांडी घासा. आपल्याकडे लग्नाचे व्हिडिओ शूटिंगवाले असतात ना, त्यांना विचारा, कॅमेऱ्याच्या कामात ‘मजा’ किती आणि उभं राहून पाय दुखणं किती.

मिया खलिफाचं नाव आपल्याकडच्या पोरापोराला माहीत आहे. तिने २०१४ च्या शेवटी जेमतेम तीन महिने काम केलं, आणि तिने स्वतः २०१९ मध्ये सांगितलं की त्यातून तिला एकूण मिळाले सुमारे १२,००० डॉलर. एकूण बरं का, दरमहा नाही! त्याआधीची गोष्ट लिंडा बोरमनची, १९७२ च्या ज्या सिनेमाने थिएटरबाहेर रांगा लावल्या आणि करोडो कमावले त्याची ही नायिका, तिच्या वाट्याचे होते १,२५० डॉलर, तेही नवऱ्याने घेतले असं ती नंतर सांगायची.

मग पैसा गेला कुठे? थोडा आपल्या जेल रोडवर पण गेला की! स्मार्टफोनच्या आधी तिथल्या मोबाइलच्या गल्ल्यांत मेमरी कार्ड भरून मिळायचं, गाणी, दोन नवे पिक्चर आणि खालच्या आवाजात विचारलं की ‘दूसरा वाला’ पण. दुकानदाराने पैसे घेतले, गिऱ्हाइकाने पैसे दिले, आणि स्क्रीनवर जी होती तिला ह्या व्यवहाराचा पत्ताच नाही. पुढे फुकटच्या वेबसाइटी आल्या आणि दुकानदार पण मधून गेला. आता म्हणतात ओन्लीफॅन्सवर (चाहते पैसे भरून थेट तिचेच व्हिडिओ बघतात ती वेबसाइट) तरी मालकी तिची असते, ते बऱ्यापैकी खरं आहे, कंपनी २० टक्के कापते बाकी तिचे, पण त्याच कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये एका सकाळी जाहीर केलं की असला मजकूर बंद करतोय, बँकांचा दबाव आहे म्हणून, आणि आरडाओरडा झाल्यावर आठवड्याच्या आत निर्णय मागे घेतला. ज्यांचं घरभाडं त्यावर चालतं त्यांचा तो आठवडा कसा गेला असेल.

आता माझा लाडका मुद्दा, ३७ वर्षं. हा आकडा इंग्रजीत वर्षानुवर्षं फिरतोय, कधी ३६ होतो कधी ३७. तो निघतो असा: जे मेले त्यांची यादी घ्यायची, त्यांच्या वयांची सरासरी काढायची, झालं. जे जिवंत आहेत ते हिशेबातच नाहीत! अहो, आमच्या शाळेच्या २००५ च्या बॅचमध्ये जे आजवर गेले, कुणी बायपासवर ॲक्सिडेंटमध्ये, कुणी कोरोनात, त्यांची सरासरी काढली तर तिशीच्या आसपासच येणार, कारण बॅचमधला कुणी अजून सत्तर वर्षांचा झालेलाच नाही. म्हणून काय त्या शाळेत शिकलेल्यांचं आयुष्य तीस वर्षं? हा धंदा व्हिडिओ कॅसेटमुळे फोफावला तो ऐंशीच्या दशकात, २००० साली विशीत आलेली बाई आज पंचेचाळीशीची आहे, अशा लोकांतून जे गेलेत ते कमी वयातच गेलेले असणार, दुसरं काही होऊच शकत नाही. नीना हार्टली १९५९ सालची, शिकून नर्स झालेली, १९८४ मध्ये ह्या कामात आली, साठी केव्हाच ओलांडली. ॲनी स्प्रिंकल १९५४ ची, तिने नंतर पीएचडी केली. ह्या दोघी ३७ च्या सरासरीत कुठे बसवायच्या?

पण इथे मी दुसऱ्या टोकाला जाणार नाही. ड्रग्ज, आत्महत्या, ऐंशीच्या दशकातला एड्स, हे सगळं घडलंय. नोव्हेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ ह्या तीनेक महिन्यांत पाच तरुण नट्या गेल्या, त्यांतल्या एकीवर मरणाच्या आधी ट्विटरवर नुसता शिव्यांचा पाऊस चालला होता. त्यानंतर २०१८ मध्ये ह्याच धंद्यातल्या लोकांनी पाइनॲपल सपोर्ट नावाची संस्था काढली, ह्या लोकांना जज न करणारा थेरपिस्ट परवडेल अशा दरात मिळावा म्हणून. म्हणजे प्रश्न आहे, खरा आहे, फक्त मेसेजवाल्यांना त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्यांना आकडा हवाय.

‘लहानपणी बिघडलेल्या’ ह्याला फार वेळ देत नाही. अमेरिकेत १७७ नट्यांची त्याच वयाच्या, त्याच वंशाच्या आणि वैवाहिक स्थितीच्या इतर बायकांशी तुलना करणारा एक अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रमाणात दोन्हींत फरक सापडला नाही, आत्मसन्मान तर नट्यांचा जास्त निघाला. हां, वेगवेगळी ड्रग्ज करून बघितल्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं. आणि हा अभ्यास काम करत असलेल्यांचा आहे, वैतागून सोडून गेलेल्यांचा नाही, त्यामुळे मी पण त्याला डोक्यावर घेणार नाही. पण ‘सगळ्या’ हा शब्द तर गेला ना.

रोगांचं म्हणाल तर दर १४ दिवसांनी एचआयव्ही, गोनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस, हिपॅटायटिस तपासून घेणारी माणसं आपल्या ओळखीत किती आहेत? आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका बघतात आणि एचआयव्ही टेस्टचं नाव काढलं की मुलाकडचे उठून जातात. ही तपासणीची पद्धत १९९८ मध्ये शेरॉन मिशेल ह्या माजी नटीने क्लिनिक काढून बसवली. २००४ मध्ये एका नटाला एचआयव्हीची लागण झाली, त्याच्याकडून तीन सहकारी बायकांना झाली, आणि शूटिंग काही आठवडे थांबलं. क्लॅमिडिया-गोनोरियाचं प्रमाण ह्या लोकांत बाहेरच्यांपेक्षा जास्त असतं हे खरंच आहे, त्यात लपवायचं काय, कामाच्या ठिकाणचा धोका आहे तो. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात कंडोमच्या सक्तीवर मतदान झालं तेव्हा अनेक कलाकारांनीच विरोध केला, लोक म्हणाले बघा कशा बेफिकीर. विरोध मुख्यतः कशाला होता तर त्यातल्या एका कलमाला, की राज्यातला कुठलाही नागरिक खटला भरू शकेल. आता ज्या बाईच्या मागे आधीच चार विकृत फॅन लागलेत तिला कोर्टाच्या कागदात खरं नाव-पत्ता येण्याची भीती वाटणार नाही? मतदारांनी तो प्रस्ताव पाडला.

आता तो मुद्दा जो वाचून मला खरंच राग आला, ‘एवढं केल्यावर अत्याचार कसला’. सॅन दिएगोत एक वेबसाइट चालायची. मॉडेलिंगची जाहिरात द्यायची, कॉलेजच्या मुलींना विमानाने बोलवायचं, हॉटेलात नेऊन सांगायचं की हे फक्त परदेशात डीव्हीडीवर जाणार, नेटवर कध्धीच येणार नाही, घाईघाईत सह्या घ्यायच्या. महिन्याभरात क्लिप नेटवर, आणि तिच्या कॉलेजमध्ये, आईबापांपर्यंत, भावापर्यंत लिंक पोचलेल्या. २२ मुली कोर्टात गेल्या, जानेवारी २०२० मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यातला नट २० वर्षांसाठी आत गेला, मालक पळाला, २०२२ मध्ये स्पेनमध्ये सापडला आणि २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाने असं म्हटलं नाही की सही केली होतीस ना, मग आता काय. सही कशाला केली होती हे बघितलं. सेटवर काम करणाऱ्या बाईचंही तेच आहे, एका गोष्टीला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्या गोष्टीला हो होत नाही. आणि गंमत बघा, एका मुद्द्यात ह्या बायका अत्याचारामुळे बिघडलेल्या, दुसऱ्या मुद्द्यात त्यांच्यावर अत्याचार होऊच शकत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा तरी पूर्ण वाचायचा!

‘आई होऊ शकत नाही’ ह्याचं उत्तर मराठी माणसाला तर माहीत असायला हवं. सनी लिओनीने २०१७ मध्ये दत्तक घेतलेली मुलगी आपल्या लातूरची. दत्तकप्रक्रियेत घर बघायला माणसं येतात, उत्पन्न बघतात, अहवाल लिहितात, तेव्हा कुठे मूल मिळतं, आणि ते सगळं रीतसर झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये एका टीव्ही मुलाखतीत तिला पुन्हा पुन्हा तिच्या भूतकाळावरूनच टोचत होते, आणि ती एकदाही आवाज न चढवता उत्तरं देत बसली, तो व्हिडिओ आजही बघून आपल्याला लाज वाटते, तिला नाही. पण प्रत्येकजण सनी नसते. काम सोडून शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी धरलेल्या बाईला कुणीतरी जुनी क्लिप साहेबांना पाठवतं. २०११ मध्ये तर त्या टेस्टिंग क्लिनिकच्या नोंदींतून हजारो कलाकारांची खरी नावं एका वेबसाइटवर टाकली गेली, काहींच्या घरच्यांच्या माहितीसकट. ज्यांनी नियम पाळून तपासणी केली तेच उघडे पडले. त्याच वर्षी ते क्लिनिक बंद झालं. बँका खाती बंद करतात ते वेगळंच, कर भरलेल्या कमाईचं खातं. मेसेज म्हणतो त्या नॉर्मल जगू शकत नाहीत, जगू कोण देत नाही ते मात्र लिहीत नाही.

राहिलं ‘आपल्याकडे हे नाही’. आपल्याकडे असं काही बनवून प्रसिद्ध करणं हा आयटी ॲक्टच्या कलम ६७ए खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, म्हणून उघड धंदा नाही, एवढंच. २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी जी प्रकरणं काढली त्यात आरोप हाच होता की वेब सिरीजचं काम सांगून मुलींना बोलावलं आणि ऐनवेळी भलतंच करायला लावलं. आणि धंदा सोडा, बॉयफ्रेंडने टाकलेला व्हिडिओ, फोटोवर चेहरा चिकटवून केलेला व्हिडिओ, हे इंदूरात होत नाही असं म्हणणाऱ्याने जरा आजूबाजूला विचारावं. त्या मुलीला आपण काय करतो? क्लास बंद, फोन काढून घ्यायचा, देवासला मामाकडे पाठवायचं. ज्याने व्हिडिओ टाकला तो छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर हॉट डॉग खात असतो.

म्हणून मुलांना वाचायला काही द्यायचंच असेल काका, तर हे द्या. असं काही झालं तर आधी लिंक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवायचा, व्हिडिओ कुणालाही ‘बघा काय केलंय’ म्हणून पुढे पाठवायचा नाही, तो पाठवणंही गुन्ह्यात येतं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. साइटला किंवा ॲपला थेट कळवलं तर असा मजकूर काढण्यासाठी २०२१ च्या आयटी नियमांनी २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती २ तासांवर आणली. आणि मुलगी अठरा पूर्ण असेल तर स्टॉपएनसीआयआय म्हणून एक फुकट सोय आहे, त्यात व्हिडिओ कुठे अपलोड करावा लागत नाही, तिच्याच फोनमध्ये त्याचा एक कोड तयार होतो आणि फक्त तो कोड फेसबुक, इन्स्टासारख्या त्यात सामील असलेल्या साइट्सकडे जातो, म्हणजे दुसऱ्या कुणी तोच व्हिडिओ तिथे टाकायला गेलं की तो अडतो.