आधी एमएलसी, मग माफी

आपल्याकडे कोकणात गडग्यावरून (हद्दीचा दगडी बांध), पायवाटेवरून, नाहीतर झावळी कुणाच्या वाडीत पडली यावरून कोयता उचलला जातो आणि संध्याकाळपर्यंत चार जाणते जखमी माणसाच्या खळ्यात येऊन बसतात. ‘मिटवन टाक, गावातच रवाचा आसा.’ टाके अजून ओले असतात. मी याला माफी म्हणत नाही. माफी ज्याला वार लागला त्याने करायची, आणि नक्की काय माफ करतोय ते त्याआधी कागदावर यायला हवं.

आरोग्य केंद्रात ‘पडलो’ म्हणून सांगू नका. मारहाण म्हणा, म्हणजे डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस-कोर्टासाठीची जखमेची नोंद) नोंदवतात: जखम कुठे, लांबी-रुंदी-खोली किती, हत्यार धारदार की बोथट. हाडाची शंका असेल तर एक्स-रे मागा. हाड मोडलं, दात निखळला किंवा १५ दिवस रोजचं काम करता आलं नाही, तर ती कायद्याने गंभीर दुखापत (जुन्या दंडसंहितेत २० दिवस होते). रक्ताचे कपडे धुवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. आपल्या पावसाळी दमटपणात ते कुजतात, बुरशी धरतात. सावलीत वाळवून कागदात गुंडाळा आणि पंचनामा करून पोलिसांकडे द्या.

ठाण्यात पुष्कळदा ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) हातात देऊन बोळवण होते. नुसत्या हाताने मारल्याची साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे, तिथे ठीक. कोयता-सुरी आली की कलम ११८. तिथे एफआयआरच हवा, त्याची प्रत फुकट मिळते. घेतला नाही तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना.

माफीचा हिशेब या कलमांवरच ठरतो. ११५(२) जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो. हत्यार नव्हतं पण हाड मोडलं, म्हणजे ११७(२), तर कोर्टाच्या परवानगीने. आणि एकदा तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच. पुन्हा राग आला म्हणून केस उघडत नाही. ११८ किंवा खुनाचा प्रयत्न, १०९, मात्र ५०० च्या स्टॅम्पपेपरवर सगळ्या गावाने सह्या केल्या तरी मिटत नाही. त्यासाठी हायकोर्ट गाठावं लागतं (रत्नागिरी-सिंधुदुर्गला ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच), आणि तिथेही वार कुठे, कशाने झाला हे पाहतात. म्हणजे पुन्हा एमएलसीच! जाणते हे सांगत नाहीत. ते सांगतात, ‘साक्षीत आठवत नाही म्हण.’ शपथेवर खोटं बोलण्याचा गुन्हा मग जखमी माणसाच्याच गळ्यात पडू शकतो. खरी साक्ष द्या, आणि शिक्षा सौम्य व्हावी असं वाटत असेल तर तेही कोर्टाला सांगा.

सुडाचं म्हणाल तर आपल्याकडचा सूड थंड असतो. पाणंद अडवायची, त्या दारात पालखी थांबू द्यायची नाही, कार्याला बोलावणं नाही. कोयता एकाने चालवला, भोगते त्याची म्हातारी. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्याने याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड आहे. कालचा फिर्यादी आज आरोपी. देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घाला, रागाला तेवढी वाट हवीच.

आणि तो गडगा? माफी झाली, हद्द तशीच राहिली, तर भांडणही तिथेच आहे. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. तारीख शक्यतो मे महिन्यातली मागा. सातबाऱ्यावरचे मुंबईकर भाऊबंद तेव्हा गावात असतात आणि रान माजलेलं नसतं.