'धूमधडाका'चे मूळ हिंदीत नाही

'धूमधडाका' या मराठी चित्रपटाचा विषय निघाला की एक मजकूर हटकून पुढे येतो: मूळ चित्रपट हिंदी 'प्यार किये जा', तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै' ही त्याची दाक्षिणात्य नक्कल, त्यात कथा अशी नाहीच आणि तो चालला तो नावाजलेल्या नटांच्या जोरावर. यातले एकही विधान टिकत नाही.

नकलेचा आरोप सनावळीनेच निकालात निघतो. तमिळ चित्रपट १९६४ सालचा, तेलुगू आवृत्ती १९६५ ची आणि हिंदी १९६६ ची. शिवाय तमिळ आणि हिंदी या दोन्हींचे दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधरच होते. महेश कोठारे यांनी दिग्दर्शक म्हणून आपल्या पहिल्या चित्रपटासाठी हे कथानक मराठीत आणले ते १९८५ मध्ये. श्रीधर यांनी स्वतःचाच चित्रपट पुन्हा केला, याला नक्कल म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण मग मूळ कोणते, हेही सांगावे लागेल.

नटांविषयीचे विधान तर उलटेच आहे. तमिळ चित्रपटाचे नायक रविचंद्रन यांचा हा पहिलाच चित्रपट होता आणि नायिका कांचना याही नवख्याच होत्या. श्रीधर यांची ओळखही तोवर 'कल्याण परिसु' (१९५९) आणि 'नेंजिल ओर आलयम' (१९६२) अशा डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चित्रपटांची होती. चित्रालय गोपू या बालमित्रासोबत त्यांनी विनोदी कथा रचायला घेतली, ती ही.

आता कथा नाही, या आक्षेपाकडे वळू. नोकरीवरून काढलेला अशोक मालकाच्या बंगल्यासमोरच तंबू ठोकतो आणि मालकाच्या मुलीवर प्रेमही करतो. मालकाला श्रीमंत जावई हवा, म्हणून अशोकचा मित्र वासू त्याचा कोट्यधीश बाप बनून येतो, आणि आल्यावर पाहतो तो त्याची स्वतःची प्रेयसी याच घरातली दुसरी मुलगी निघते. पिकलेल्या मिशांआडून आता तिला काय सांगायचे? पुढची सगळी धांदल या एका पेचातून निघते, आणि हा पेच लिहिताना बसवावा लागतो, सेटवर आयत्या वेळी सुचत नाही.

राहिला विनोदी नट नागेश यांचा प्रसंग, ज्याला हा मजकूर 'मध्येच घुसडलेला विनोद' म्हणतो. चित्रपट काढायच्या वेडाने झपाटलेला मालकाचा मुलगा चेल्लप्पा (नागेश) बापाला भयकथा ऐकवतो आणि तिच्यातले आवाजही स्वतःच तोंडाने काढतो. तो बोलत राहतो, पण प्रसंग पेलतात ते बापाच्या भूमिकेतले, बहुतेक गप्प असलेले टी. एस. बालय्या: आधी तुच्छता, मग कुतूहल, मग उघड भीती, आणि सगळे चेहऱ्यावर. पैशाच्या बाबतीत एवढा हिशेबी माणूस सोंगाला कसा भुलतो, याचे उत्तर कथेला याच प्रसंगात मिळते. तो काढला तर खोट्या बापाला खरे मानणारा बालय्यांचा मालक पटणारच नाही. हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश यांच्यासाठी हा प्रसंग राखला गेला, तो काही उगाच नव्हे.

मराठीने या कथेत स्वतःची भर घातलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. सोंगातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी अशोक सराफ यांनी पाईपच्या ठसक्यातून काढलेले ते निरर्थक शब्द श्रीधर-गोपूंच्या पटकथेतले नव्हेत. ते मराठीचेच आहेत.