काचेच्या छताखालचा रस्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इटलीतल्या मिलान शहरातल्या ‘गॅलेरिया व्हित्तोरियो एमानुएले’ या काचेच्या छताखालच्या दुकानांच्या रस्त्यावरचा माझा लेख तुम्ही किती बारकाईने वाचलात, ते तुमच्या प्रतिक्रियेतूनच कळतं. तुमचे आक्षेप तीन. ती १८६७ साली पूर्ण झाली हे चूक; वास्तुकार मेंगोनीची आत्महत्या मी दडवली; आणि श्रीमंतांच्या मॉलचा इतिहास लिहायचाच कशाला?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. मार्च १८६५मध्ये राजाच्या हस्ते पायाभरणी झाली, सप्टेंबर १८६७मध्ये उद्घाटन. पण दुओमो कॅथेड्रलच्या बाजूची भव्य कमान उभी राहायला पुढे आणखी दहा वर्षं गेली. लेख दुरुस्त केला आहे.

मेंगोनीबद्दल मात्र मी ठाम आहे. ३० डिसेंबर १८७७ला तो त्याच कमानीच्या परांचीवरून पडून मरण पावला. आत्महत्येची कुजबुज झाली, पण कुजबुज म्हणजे पुरावा नव्हे. एका कामाला आयुष्याची इतकी वर्षं दिलेल्या माणसाच्या मरणावर मी अंदाजाने लिहिणार नाही.

आता मॉल. मॉलला दारं असतात, रात्री कुलूप लागतं. गॅलेरियाला दारच नाही. दुओमोचा चौक आणि स्काला नाट्यगृहापुढचा चौक जोडणारा तो रस्ता आहे, फक्त वर लोखंड आणि काचेचं छत आहे. खिशात दमडी नसलेला माणूसही भर पावसात तिथून कोरडा जातो. बांधायला घेतली होती एका इंग्रज कंपनीने. ती अडचणीत आली आणि १८६९ साली नगरपालिकेने गॅलेरिया विकत घेतली. त्या महागड्या दुकानांचं भाडं आजही शहराच्याच तिजोरीत जमा होतं. आणि सुरुवातीच्या काळातली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा: घुमटाचे गॅसदिवे लावायला एक इवलीशी गाडी ज्योत घेऊन रुळांवरून गोल फिरायची. मिलानी बोलीत तिचं नाव ‘रात्तीन’, म्हणजे छोटा उंदीर. खाली माना वर करून लोक उभे असायचे. त्याला तिकीट नव्हतं. म्हणून मला ती जागा सगळ्या गावाची वाटते.

तुम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे आणि तो माझ्या लेखातही राहून गेला: गॅलेरियाच्या आधी तिथे काय होतं? तिथे दुकानांवर छप्पर आधीही होतं. पंधराव्या शतकातली ‘कोपेर्तो देई फिजीनी’ ही कमानींची ओसरी, तिच्या सावलीत दुकानं. नव्या आखणीसाठी ती १८६४ साली पाडली. पुढे १८७५ साली चौक मोकळा करायला रेबेक्कीनो हा घरांचा अख्खा पुंजका गेला. पुढचा लेख मी त्या ओसरीपासून सुरू करतो आहे.