झूम किती, झूम किती!

दुपारी जेवून जरा आडवा झालो तर भाच्याचा फोन. रत्नागिरीत दुकानात उभा. "मामा, ८३ पट झूमवाला कॅमेरा आहे, सेकंडहँड, पण नव्यासारखा. घेऊ?" मागून दुकानदाराचा आवाज ऐकू येत होता, "चंद्रावरचे खड्डे दिसतात, सांगा मामांना."

चंद्रावरचे खड्डे! अरे, पोरगा निघालाय सडे म्हणजे आपली कातळाची पठारं, खाड्या, समुद्र टिपायला. चंद्र काय राजापूर तालुक्यात येतो?

मी ओरडलोच त्याच्यावर. कारण माझंही असंच झालं होतं. अशाच एका काउंटरवर ५० पट झूम ऐकून पाघळलो नि कॅमेरा घेऊन घरी आलो. गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सड्यावर गेलो. कातळावर पाणी साचलेलं, सीतेच्या आसवांची फुलं जांभळी पसरलेली, मधे गेंदाचे पांढरे ठिपके, आणि समुद्रावरून काळीकुट्ट सर चालून येतेय. तुम्ही सगळे सड्यावर फिरलेले आहात, तुम्हाला काय सांगायचं. स्क्रीनवर झकास दिसलं. घरी कंप्युटरवर लावलं तर ढग गायब, आभाळ धुतलेल्या धोतरासारखं पांढरंफटक, आणि फुलं एकमेकांत कालवलेली. त्या कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे नंतर सुधारता येणारी कच्ची फाईल, नव्हतं, नुसतं जेपेग. जे जळलं ते गेलं.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, खाली ओढायचं मला सुचलं नाही, हे मान्य. तरीही.

मुळात झूम एवढा मिळतो कशामुळे? सेन्सर, म्हणजे आत उजेड टिपणारी चिप, एवढुसा असतो म्हणून. या झूमवाल्या, लेन्स न बदलणाऱ्या ब्रिज कॅमेऱ्यांत बहुतेक १/२.३ इंची सेन्सर, म्हणजे साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर. तुरीची डाळ! मोठ्या सेन्सरला तेवढा झूम द्यायचा तर लेन्स तोफेएवढी होईल. पागोळीखाली वाटी ठेवली तर वाटीभरच पाणी मिळणार, घंगाळ कसं भरेल? एक इंची म्हणतात तो सेन्सरही काही इंचभर नसतो, १३ बाय ९ मिलिमीटरच, पण क्षेत्रफळ त्या डाळीच्या चौपट. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर आभाळात जे उरतं ना, ते त्या चौपटीत सापडतं.

आणि झूम पार टोकाला, २००० मिलिमीटरला ताणून आपल्याकडे दिसणार काय? दुपारच्या दमट हवेत लांबची होडी उकडल्यासारखी दिसते. उलट लेन्स सुरू कुठून होते, २० पासून की २४ पासून, हे कुणी विचारत नाही. आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं. आरे-वारेच्या चढावरून दोन्ही किनारे एका चौकटीत घ्यायचे तर तोच आकडा लागतो. बरं, गुहागरला डॉल्फिन दिसले की झूमवालाच जिंकतो, जिंकू दे.

तर भाच्याला झापून झालं. तो गप्प. मग म्हणाला, "मामा, आपल्या सड्याचेच काढायचे होते. चिरेखाण पुढे सरकतेय ना."

यावर काय बोलणार. त्या गौरीनंतर दोन वर्षांतच खाण आली. जिथे उभा राहून मी तो पांढऱ्या आभाळाचा फोटो काढला, तिथे आता चौकोनी खड्डा आहे, पावसात हिरवं पाणी साचतं. त्या जागेचा दुसरा फोटो नाही कुणाकडे. तोच एक, कालवलेल्या फुलांचा.

संध्याकाळी मीच फोन केला. म्हटलं, रिकाम्या हाताने परत आलास ते बरं केलंस. पैसे कमी असतील तर जुना पॅनासॉनिक एफझेड१००० शोधू. २०१४ चा आहे, पण एक इंची सेन्सर, लेन्स २५ ते ४०० मिलिमीटर, उजेडाचं भोक एफ २.८ पासून, आणि रॉ आहे. तो नाहीच परवडला तर एफझेड८२. सेन्सर तुरीचाच, पण २० पासून सुरू होतो आणि रॉ देतो. फक्त त्यात भोक लहान करून एफ ८ वगैरे करत बसू नकोस, छोट्या सेन्सरवर चित्र मऊ पडतं. एफ ४ ला ठेव, फुलापासून समुद्रापर्यंत सगळं येतं. आभाळ बघून एक्स्पोजर खाली ओढ. किनाऱ्यावर गेलास तर उगाच झूमची नळी आत-बाहेर करू नकोस, ती खारी हवा नि वाळू आत ओढते. घरी आल्यावर पुसून सिलिका जेलबरोबर डब्यात.

"आणि चंद्र?" म्हणाला. मेला कुठला.

असो. कुणाकडे एफझेड१००० कपाटात पडून असेल तर इनबॉक्स करा. गणपतीच्या आत हवाय. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघणार, आधीच सांगतो. आपल्याकडच्या चार पावसाळ्यांतून कुठली लेन्स सुटते?