कोय आधी वाळवा, मग पुढचं बोलू

आईच्या कपाटात कोकमतेलाचा एक गोळा कायम असतो. पिवळट पांढरा, साबणाच्या वडीसारखा घट्ट. थंडीत टाचांना भेगा पडल्या की पळीत थोडं वितळवून ती रात्री भेगांत भरते. हे तेल निघताना मी आजोळी, सावंतवाडीकडे पाहिलंय. आमसुलांसाठी साली गेल्या की उरलेल्या बिया कोणी टाकत नसे. उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. वर आलेलं तेल थिजलं की काढून हाताने गोळे वळायचे.

आता पुण्यात फळप्रक्रियेच्या कामात बारा वर्षं झाली. मे महिन्यात आंब्याच्या पल्पचं काम जोरात असतं, तेव्हा मागच्या अंगणात कोयींचा ढीग पडतो. सकाळी गोड वास, संध्याकाळी आंबूस, दुसऱ्या दिवशी चिलटं आणि मग ट्रॉली भरून रवानगी. दरवर्षी ते बघताना जीव तुटतो.

कारण कोयीच्या आतल्या बीत चरबी असते. शंभर किलो वाळलेल्या बियांमागे साधारण आठ-दहा किलो. ही चरबी कोकोबटरच्या जवळची. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोबटरशिवाय ज्या सहा वनस्पती-चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत आंब्याची कोय आहे आणि आपलं कोकमही आहे! डाळिंबाच्या दाण्यातल्या बीत प्युनिसिक नावाचं मेदाम्ल असलेलं तेल असतं, सालीत प्युनिकॅलॅजिन हे अँटिऑक्सिडंट. द्राक्षाच्या बीतही तेल असतंच.

हा विषय निघाला की लोक लगेच तेल काढायच्या मशिनवर येतात, तेही कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्या. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाबाखाली नेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रव नाही, आणि तेल अलगद ओढून घेतो. दाब सोडला की उडून जातो, तेल विरघळवून काढायला वापरतात त्या हेक्झेनसारखा मागे काही अंश राहत नाही. तंत्र सुंदर आहे, पण महाग आहे. आणि माझ्या मते आपलं घोडं तिथे अडलेलंच नाही.

ते अडलंय पहिल्या चोवीस तासांत. ओली कोय ढिगात पडून राहिली की बुरशी धरते, आतली चरबी फुटून आम्लता वाढते. मग जगातलं कुठलंही मशिन आणा, निघणारं तेल खवटच. आजोळी कोकमतेल काढणाऱ्या माझ्या मावशीला हे कोणी शिकवलं नव्हतं, पण बिया अंगणात पसरल्याशिवाय ती दुपारी जेवायला बसत नसे.

मोसंबीचं तर आणखी वाईट वाटतं. लहानपणी साल मेणबत्तीजवळ पिळून ठिणग्या उडवल्यात ना? ते सालीतलं तेल, मुख्यतः लिमोनीन. ज्यूस सेंटरच्या पोत्यांतून ते तसंच ओल्या कचऱ्यात जातं. बायोगॅसच्या टाकीत हेच तेल जिवाणूंना मारक ठरतं आणि गॅस कमी होतो. म्हणजे आधी तेल काढलं, मग पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ), आणि उरलेला चोथा टाकीत घातला, तर टाकीचंही भलं होईल. आज आपण सगळं एकत्र करून थेट शेवटच्या पायरीवर नेतो.

एक कळकळीची विनंती. हे वाचून सीताफळाच्या बियांचं तेल घरी काढायला जाऊ नका. त्या बिया किडींना मारतात म्हणून उपयोगाच्या, पण पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवांसाठी लावलेली पूड धुताना माझ्या चुलतबहिणीच्या डोळ्यात गेली होती. आठवडाभर तिला उजेड सहन होत नव्हता.

येत्या मे महिन्यात आम्ही तिघीजणी कोयी त्याच दिवशी धुऊन वाळवून पाहणार आहोत. सासवड, हडपसर, उरुळी भागात कोणाकडे बेदाण्याचं किंवा कांद्याचं ड्रायर त्या महिन्यात रिकामं असेल, तर कृपया कमेंटमध्ये लिहा. भाडं देऊ, कोयी आम्ही आणू.