दोन स्क्रू, फक्त दोन!

मोटरसायकलच्या हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी. तिच्या झाकणाला दोन स्क्रू. पुढच्या डिस्क ब्रेकचं ऑइल बदलायचं तर सुरुवात तिथून, आणि माझी अख्खी सुट्टी तिथेच संपली. पहिला स्क्रू कुरकुरत का होईना, निघाला. दुसरा ढिम्म. स्क्रूड्रायव्हर सरळ उभा धरला, वरून अंगाचा भार टाकला, वळवला, आणि टोक टक्कन उसळून बाहेर. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. खाचेच्या कडेचा चंदेरी कीस झाकणावर सांडला आणि फुलीच्या जागी गुळगुळीत खड्डा उरला. आता काय धरणार? डोकं झाकणात बुडालेलं, त्यामुळे पक्कड पोचत नाही. रबरबँड मध्ये दाबून फिरवा म्हणून जो तो सांगतो, तो उपाय इतक्या जाम बसलेल्या स्क्रूपुढे काहीही कामाचा नाही. राहता राहिलं ड्रिल. म्हणजे ज्या डबीवर माझा ब्रेक अवलंबून आहे, तिच्या डोक्यावर ड्रिल चालवायचं, आणि लोखंडाचा एक कणही आत जाणार नाही याची काळजी घ्यायची. वर हे ऑइल टाकीवर सांडलं की रंग खातं, ते वेगळंच.

संताप कशाचा येतो, तर हा स्क्रू साधा फिलिप्सचा, म्हणजे नेहमीच्या फुलीच्या खाचेचा, नसतोच. दिसतो हुबेहूब तसाच. पण जपानी गाड्यांवर आणि त्यांच्या वळणावर बनलेल्या कितीतरी गाड्यांवर जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, पद्धतीची फुली असते. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतं आणि जाताना खाच खाऊन जातं. ओळखायची खूण म्हणजे डोक्यावरचा बारीकसा ठिपका, तोही प्रत्येक स्क्रूवर असतोच असं नाही. जेआयएसचं टोक मिळतं, ते घातलं की तोच स्क्रू मुकाट निघतो. टोक खाचेत बसवून वरून हातोडीचे दोन-चार टोले दिले की गंज मोडतो, तेही खरं. पण हे मालकाला कोण सांगतं? गाडीबरोबरच्या पुस्तकात डबीचं चित्र आहे, ऑइलची पातळी कुठे हवी त्याची रेघ आहे, झाकण काढण्याआधी पुसून घ्या असंही आहे. स्क्रूला कुठलं टोक लागतं, याबद्दल एक अक्षर नाही. पुढे थेट अधिकृत केंद्रात जा.

अधिकृत केंद्रातच तर हा स्क्रू आवळला गेला! त्याआधी त्या झाकणाला कोणी हात लावलेला नव्हता. चार मिलिमीटरचा स्क्रू, त्याला आवळायला दीड ते दोन न्यूटन-मीटर (पिळण्याचा जोर मोजायचं माप) ताकद पुष्कळ होते. मनगटाचा जोर लागतच नाही, बोटांचा लागतो. तिथे मात्र जो येतो तो स्क्रू आवळायची मशीनची गन लावतो नाहीतर खांद्यापासून पिळतो, आणि गाडी धुऊन चकाचक करून हातात देतो. धुतलेलं पाणी स्क्रूच्या खोबणीत साचतं, लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियमची डबी एकमेकांना धरून बसतात, आणि पुढच्या वेळी भोगतो मालक.

इंजिन ऑइलच्या खालच्या बोल्टचंही हेच. लहान गाड्यांत त्याला 25-30 न्यूटन-मीटरच्या आसपास ताकद पुरते, प्रत्येक वेळी नवा वॉशर घातला की थेंब गळत नाही. पण जुनाच वॉशर ठेवायचा आणि गळायला लागलं की अजून पिळायचं, हीच रीत. एक दिवस इंजिनच्या तळाचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात, आणि त्या दिवशी पाना ज्याच्या हातात असतो तो गुन्हेगार ठरतो. शिकाऊ माणसाच्या हातात असेल तर विचारायलाच नको. सांगितलं होतं ना, नको तिथे हात घालू नकोस!

आणि ते व्हिडिओवाले. कॅमेरा चालू होतो तेव्हा प्रत्येक बोल्ट आधीच ढिला करून ठेवलेला असतो. हात लावला की गरागरा फिरतो. मागे संगीत. जिथे घाम निघतो, तेवढाच भाग कापलेला. अरे, तोच तर बघायचा होता! नट कसा काढायचा हे मला कळतं, तो निघत नसेल तर काय करायचं ते दाखवा. मोडला तर काय, ते दाखवा. कुठे थांबायचं, ते दाखवा.

हेडलाइटच्या बल्बला हात लावलाय कधी? एच 4 बल्ब, मागे रबरी टोपी, टोपीखाली तारेची क्लिप. ती डोळ्यांना दिसत नाही, दोन बोटांनी चाचपून दाबायची, आणि त्याच वेळी काचेला बोट लागू द्यायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की हॅलोजनचा बल्ब लवकर उडतो. अंधारात रस्त्यावर गेलेला बल्ब माणसाने बदलायचा कसा, हा विचार ती जागा आखणाऱ्याने केलेलाच नाही. आता एलईडी आले तर दिवा गेला की बहुतेक ठिकाणी पूर्ण संचच बदला. एअर फिल्टर, धुळीने भरणारी वस्तू, वरचेवर बघायची वस्तू, ती कुठे? कित्येक गाड्यांत टाकीखाली. टाकी काढायची तर आधी बाजूची प्लास्टिकं, आणि त्या प्लास्टिकांना पाठीमागून अशा खुंट्या की कुठली ओढायची आणि कुठली सरकवायची हे मोडल्यावरच कळतं. चेनचा ढिलेपणा मोजा म्हणतात. चेन सगळीकडून सारखी ताणलेली नसते, जिथे सर्वांत ताठ तिथे मोजायचं असतं, ही एक ओळ छापायला काय जातं?

सीटखालची हत्यारांची थैली उघडून बघा. एक पत्र्यासारखा पाना, जो नट सोडवायच्या आधी स्वतःच फाकतो, आणि एक उलटसुलट घालायचा स्क्रूड्रायव्हर. काही गाड्यांत आता तेवढंही नाही.

"मग मेकॅनिककडे ने ना." हे वाक्य आता मला सहन होत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. डॉट 4 या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम आहे, ओलावा मुरल्यावर हीच हद्द 155 वर येते. घाटात सतत ब्रेक लावताना हा फरक जिवावर बेततो. पुस्तकच सांगतं वेळेवर बदला, मी वेळेवर बदलायला बसलो. मला रेसिंगचं इंजिन बांधायचं नाही. ऑइल, प्लग, फिल्टर, चेन, बल्ब, एवढं माझ्या गाडीचं मला करता यायला हवं, आणि ते न येण्यासारखं अवघड मुळीच नाही. ते अवघड करून ठेवलेलं आहे.

पुस्तकात प्रत्येक नटासमोर त्याची ताकद छापा. कुठल्या स्क्रूला कुठलं टोक ते छापा. थैलीत त्या टोकाचा एक बरा, कडक पोलादाचा स्क्रूड्रायव्हर टाका. आणि ब्रेकच्या डबीवर ही फुली ठेवूच नका, ॲलन कीचे षटकोनी खाचेचे स्क्रू द्या. तुमच्याच कितीतरी गाड्यांच्या इंजिनांवर ते बसवता ना?